खरपुड्याचं ताट

विद्यापीठाच्या जुन्या मेसमध्ये ताटं कधी विकत आणावी लागली नाहीत. तिथली रीतच तशी होती. येताना कुणी ताट आणायचं नाही, जाताना आणायचं. शिक्षण संपलं, ट्रंक बांधून झाली, की पोरगा बाजारातून एक नवंकोरं स्टीलचं ताट घेऊन यायचा. मोरीपाशी सुतळीला बांधलेला एक खिळा होता आणि एक बुटकी हातोडी. त्या खिळ्याने ताटाच्या मागच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव टोचायचं. तेही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, मेसने पाडलेलं. मग ताट भांडी घासणाऱ्या काकीच्या हातात द्यायचं, वाकून नमस्कार करायचा आणि चालू लागायचं. म्हणजे स्वतःच्या ताटात जेवायची वेळ कुणावरच यायची नाही. आपण जेवायचं गेलेल्यांच्या ताटात, आणि आपल्या ताटात जेवणार पुढचे. ताटांच्या मांडणीवर ‘लंबू’ होता, ‘उद्या बघू’ होता, ‘सासरेबुवा’ होता, ‘अर्धीच वाढा’ होती. नवा पोरगा काठ उलटा करून नाव वाचायचा आणि मोरीकडे मान वळवून विचारायचा, काकी, हा कोण होता? काकीचे हात राखेत आणि तोंड चालू. अरे, हा ना, परीक्षेच्या दिवशी झोपून राहिला होता, चौघांनी गादीसकट उचलून नेला. घरापासून तुटून आलेलं पोर तेवढ्यावर हसायचं आणि घास गिळायचं.

एकदा मांडणीवर चढलेलं ताट मेसच्या बाहेर जायचं नाही, हा काकीचा कायदा. एका प्राध्यापकाने सहलीला म्हणून चार ताटं मागितली, तर काकीने त्यांना केळीची पानं शोधायला लावली होती.

काकी ताटं घासायची आणि तिचा नवरा स्वयंपाक करायचा. त्याला सगळे आचारीकाका म्हणत. लग्न होऊन ती या मेसमध्येच आली, मागच्या दोन खोल्यांत तिचा संसार झाला, तिथेच लेक जन्मली आणि तिथूनच सासरी गेली. खोल्या कसल्या, मेसच्या भिंतीला चिकटवलेली दोन खोकी. पण खाटेपासून चुलीपर्यंत एकच सलग भिंत होती, आणि ती भिंत होती म्हणून त्या दोघांचं चाललं होतं.

कारण आचारीकाकाला दिसत नव्हतं.

एकदम गेलं नाही. आधी संध्याकाळचं अंधूक झालं, मग कडेचं पुसलं, मग मधलंही गेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि बॅटरी खिशात घातली, त्यावरून काकी काय ते समजली. घरी येताना तो म्हणाला, “कांदा चिरायला डोळे कशाला लागतात? उलट बरं झालं, पाणी यायचं थांबेल.” थांबलं नाही, तो भाग वेगळा.

पण त्या स्वयंपाकघरात तो आंधळा नव्हता. भिंतीवर डावा तळवा टेकवून तो खाटेवरून उठायचा, उंबऱ्यावर पाय उचलायचा, आणि चुलीशी पोचला की झाला राजा. मिठाचा डबा कुठे, झारा कुठल्या खुंटीला, सगळं तळहातावर. भात झाला की नाही ते तो झाकणाला कान लावून सांगायचा. भिंतीवर त्याच्या तळव्याचा एक काळपट, तुकतुकीत पट्टा उमटला होता, कंबरेच्या उंचीवर, खाटेपासून चुलीपर्यंत. पोरांना सगळं ठाऊक होतं. आत शिरताना प्रत्येक जण चौकटीवर बोटाने टकटक करायचा आणि मी आलो म्हणायचा. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. एकाचं बघून दुसरा करायचा. ऑफिसात मात्र कुणी तोंड उघडलं नाही. उकळत्या पातेल्यांशी आंधळा माणूस आहे हे तिथे कळलं असतं, तर त्याला दुसऱ्याच दिवशी खाली बसवला असता.

आणि खाली बसवायचा म्हणजे लेकीकडे. लेक चांगली होती, जावईही वाईट नव्हता. पण त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, खोल्या खुराड्याएवढ्या. एकदा चार दिवस म्हणून दोघं राहायला गेली, तर पहिल्याच दिवशी आचारीकाका न्हाणीघराऐवजी कपाटात शिरला. सगळे हसले, तोही हसला. पण त्यानंतर तो खुर्चीतून उठेचना. पाणी हवं असलं तरी काकीची वाट बघत बसायचा. तहान लागलीय हे सांगायचीसुद्धा त्याला लाज वाटायची. परत मेसमध्ये आले आणि त्याचा तळवा भिंतीला लागला, तेव्हा त्याने मोठा श्वास सोडला. तेव्हाच तिने ठरवलं, हा माणूस या चुलीपासून हलवायचा नाही. पुढचं तिचं सगळं धडपडणं त्या एका गोष्टीसाठी होतं.

मग एका शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला नदी विद्यापीठात शिरली. वर्गखोल्यांत गळ्याइतकं पाणी, ग्रंथालयातली पुस्तकं फुगून कपाटांतून निघेनात, प्रयोगशाळेतली यंत्रं गाळात. मेस तेवढी टेकाडावर, म्हणून कोरडी राहिली. सगळं विद्यापीठ टेकाडावर चढलं. कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत सगळे मेसच्या जमिनीवर चटया टाकून झोपले आणि एका रांगेत उभे राहून जेवले. इंजिनिअरिंगच्या पोरांनी रिकाम्या तेलाच्या डब्यांचे तराफे केले, वाळू-कोळशाचे थर लावून पाणी गाळायचं पिंप केलं. आचारीकाका चुलीपुढून हलला नाही. विजेचा पत्ता नव्हता, स्वयंपाकघरात मिट्ट काळोख. बाकीचे एकमेकांवर आदळत होते आणि तो मात्र नेहमीसारखा फिरत होता. त्या दिवसांत तोच एक डोळस होता, असं काकी नंतर म्हणायची.

पाणी ओसरलं आणि विद्यापीठाने त्या वर्षाला नाव दिलं, उभारीचं वर्ष. फाटकावर कापडी फलक लागला. माजी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातली एक मॅडम कॅमेरा घेऊन हिंडायला लागली. पोरगी गोड होती, बोलताना समोरच्याचा हात हातात धरायची. तिने तराफ्यांचा फोटो काढला, पिंपाचा काढला, घासलेल्या ताटांच्या चळतीमागे उभ्या असलेल्या काकीचाही काढला. तो फोटो देशोदेशी गेला म्हणे. जुनी पोरं हळवी झाली आणि चहूकडून देणग्या यायला लागल्या. काकीच्या मनात आलं, आता मेसचं छप्पर तरी होईल, मोरीवर पत्रा पडेल.

मेसचा मॅनेजर बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत बोलायचा, म्हणून त्याचं नाव किल्ली. एका दुपारी तो मोरीच्या कट्ट्यावर येऊन बसला, आणि जुडगा खिशात ठेवला, तेव्हाच काकीला शंका आली. देणग्यांतून एक मोठी इमारत उभी राहणार होती, नवकल्पना केंद्र. पोरांनी आपत्तीत जी डोकी चालवली, त्यांना हक्काची जागा. आत महागडी यंत्रं येणार. आणि महागडी यंत्रं पाणी चढतं तिथे ठेवून कसं चालेल?

“मग कुठे?” काकीने विचारलं.

“टेकाडावर,” किल्ली म्हणाला. “ही एकच जागा कोरडी राहिली ना, काकी. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय.”

मेस पाडायची. पोरांना जेवण बाहेरच्या ठेकेदाराकडून, डब्यांत बंद होऊन येणार. किल्लीने तेवढी मेहेरबानी केली, की ठेकेदाराकडे काकीसाठी शब्द टाकीन म्हणाला. आचारीकाकाचं काय, ते त्याने विचारलं नाही आणि तिनेही काढलं नाही.

आचारीकाकाने सगळं आतून ऐकलं होतं. तो एवढंच म्हणाला, “आपण बुडालो असतो तर बरं होतं गं. मेस राहिली असती.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसून त्याने भाताला ताव दिला.

काकीने मनाशी एक गाठ बांधली. वर्ष सरता सरता माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सगळ्यांत मोठी देणगी ज्याची, ज्याच्या आईचं नाव त्या इमारतीला लागायचं होतं, तो या मेसचाच पोरगा होता. खरपुड्या. शिकत असताना तो संध्याकाळी कुठेतरी हमाली करायचा आणि मेस आवरताना धापा टाकत यायचा. उरलेलं काही नसायचं. आचारीकाका त्याच्यासाठी पातेल्याच्या बुडाला लागलेली भाताची खरपूड राखून ठेवायचा, वर डाळ ओतून द्यायचा. पोरगा ती करपलेली खरपूड मिटक्या मारत खायचा. इतकी, की पुढे पुढे वेळेवर आला तरी खरपूडच मागायचा. तो माणूस आता सांगेल ती पूर्व दिशा. त्याने नुसतं म्हटलं की इमारत चार पावलं बाजूला घ्या, तर कोण नाही म्हणणार?

पण रिकाम्या हातांनी मागणं काकीला जमेना. आपल्याकडे द्यायला काय आहे, याचा विचार करता करता तिची नजर मांडणीवर गेली. स्वतःच्या ताटात यातला एकही जण कधी जेवला नव्हता. मेळाव्याच्या दुपारी ज्याचं ताट त्याच्यापुढे ठेवायचं, असं तिने योजलं.

मग दुपारची जेवणं उरकली की दोघं ताटं निवडायला बसायची. काकीच्या डोळ्यांना ते बारीक ठिपके लागायचे नाहीत, कितीतरी नावं राखेने घासून पुसट झालेली. आचारीकाका काठावरून बोट फिरवायचा आणि अडखळत वाचायचा. “स... सा... अगं, सासरेबुवा आहे. हसतोय बघ.” तिने म्हणायचं, ताट कसं हसेल? तो म्हणायचा, दात पुढे होते ना त्याचे, ठिपकेसुद्धा तसेच पडलेत. एकेक ताट मांडीवर यायचं आणि एकेक पोरगा दारात उभा राहायचा. कुणाला काविळीत पेज भरवली होती, कुणी काकीकडून बटणं लावून घेतली होती आणि त्याच शर्टात नोकरी मिळवली होती. डोळे गेल्यापासून त्याला इतकं खुशीत तिने पाहिलं नव्हतं. खरपुड्याचं ताट सापडलं तेव्हा तो बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, त्या दिवशी भात थोडा लागू देऊ का बुडाला?

मेळाव्याच्या दुपारी मेस भरून गेली. टकली पडलेले, पोटं सुटलेले, केस रंगवलेले. काकीने दारात उभं राहून एकेकाला न्याहाळलं, ओळखलं आणि ताट हातात दिलं. लोक काठ उलटून बघायचे आणि त्यांचे चेहरे वितळायचे. ‘अर्धीच वाढा’ आता कुठल्याशा शाळेची मुख्याध्यापिका होती, ती ताट छातीशी धरून ओल्या मोरीतच बसली. सासरेबुवाने पुढचे दात बदलून घेतले होते. काकी म्हणाली, सगळी शोभा घालवलीस. कॅमेरावाल्या मॅडमला क्षणाची उसंत नव्हती.

खरपुड्या आला. अंगात कोट, सोबत कुलसचिव. काकीच्या तोंडून आधी तुम्ही निघालं, मग तू. तिने त्याला आत चुलीपाशीच बसवलं. आचारीकाकाने खरपूड खरवडून वर डाळ ओतली. तो माणूस पहिल्या घासाला थांबला, डोळे मिटले, आणि मग भुकेल्या पोरासारखा जेवला. कुलसचिव मोबाइलवर बोलत बाहेर गेले. ताट पुसून निपटून त्याने ते हातात धरलं, नाव अंगठ्याने चाचपलं.

“काकी, हे मी नेऊ?”

मांडणीवर चढलेलं ताट बाहेर जात नाही. पण ज्याच्याकडे आता पदर पसरायचा, त्याला नाही कसं म्हणायचं? काकी म्हणाली, “ने बाबा. तुझंच आहे.”

बाहेर ते कुणीतरी ऐकलं. मी पण नेऊ, काकी? मीही नेते हं. खरपुड्याला दिलं आणि सासरेबुवाला नाही, असं कोणत्या तोंडाने करायचं? जो तो ताट धुऊन, रुमालात गुंडाळून पिशवीत घालायला लागला. जे आले नव्हते त्यांची ताटं त्यांच्या दोस्तांनी उचलली, पोचती करतो म्हणाले. काकीने तिकडे पाठ फिरवली. तिला वाटलं, ताटं गेली तर गेली, चूल तर राहील.

तिने खरपुड्याला सगळं सांगितलं. आधी मेसचं. तो ऐकून अस्वस्थ झाला, पण म्हणाला, काकी, जागा मी नाही ठरवली, ते समितीने ठरवलं, आराखडे मंजूर झालेत. तेव्हा तिने जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आवाज अगदी खाली आणून.

“त्यांना दिसत नाही रे. हे घर सोडलं तर ते कुठेच चालू शकत नाहीत.”

खरपुड्याने वळून बघितलं. आचारीकाका झारा खुंटीला अडकवत होता, पहिल्याच फटक्यात. खरपुड्याचे डोळे भरून आले. त्याने काकीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, मी बोलतो. आजच बोलतो, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी मैदानावर मांडव होता. काकी आचारीकाकाला हाताला धरून घेऊन गेली. मॅडमने त्यांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. पलीकडच्या खुर्चीत कुलसचिव, त्यांच्यामागे किल्ली. खरपुड्या उभा राहिला. बोलला तर काय सुंदर बोलला. खिशातून रुमाल काढावा तसं त्याने पिशवीतून ताट काढून सगळ्यांना दाखवलं. खरपुडीची गोष्ट सांगितली. आणि मग म्हणाला, उभारी म्हणजे काय ते मला आज दुपारी कळलं. आपल्या सगळ्यांना पुराच्या काळोखात जेवू घालणाऱ्या त्या माणसाला डोळ्यांनी दिसत नाही. कितीतरी वर्षं दिसत नाही. आणि आपल्यापैकी कुणाला त्याने कळू दिलं नाही.

मग लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. बायका डोळे पुसत होत्या. मॅडम कॅमेरा घेऊन समोर गुडघ्यांवर बसली. आचारीकाकाने काकीच्या कानाशी येऊन विचारलं, काय चाललंय? ती कुलसचिवांकडे बघत होती. तेही टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता ते मागे झुकले आणि किल्लीच्या कानाला लागले, आणि किल्लीच्या बोटातला जुडगा फिरायचा थांबला.

खरपुड्या शेवटी म्हणाला की नव्या इमारतीत जे चहापानाचं दालन होणार आहे, त्याला खरपूड असं नाव द्यावं. ते तिथल्या तिथे मान्य झालं.

सकाळी किल्ली आला. चौकटीवर त्याने टकटक केलं, कधी करत नसे. बिचारा तोही काय करणार, ऑफिसचा माणूस. तो म्हणाला, आता सगळ्या जगाला कळलंय, काकी, उद्या काही भाजलं-बिजलं तर आमच्या गळ्याशी येईल. काका, तुम्ही आराम करा आता. आणि वर, मांडणीवर बोट दाखवून म्हणाला, तशी आता वाढायला ताटंही उरली नाहीत. ठेकेदाराला लवकर बोलावलेलं बरं. मेस पाडेपर्यंत जी मुदत मिळाली असती, तीही गेली.

आचारीकाका चुलीशी उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने झारा धुतला, पुसला, खुंटीला अडकवला. काकीला त्याने एका शब्दाने विचारलं नाही की हे खरपुड्याला कुणी सांगितलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला अजूनही वाटतं.

लेकीकडे त्यांना सगळं मिळालं. खिडकीपाशी खुर्ची, वेळेवर चहा. पहिले काही दिवस आचारीकाका भिंतीला तळवा टेकवून न्हाणीघरापर्यंत जाऊ लागला होता. काकीला आशा वाटली. पण नव्या पांढऱ्या रंगावर डाग उमटायला लागला. लेक चकार शब्द बोलली नाही, जावईही नाही. काकीच ओलं फडकं घेऊन रोज तो पुसायची, पुन्हा पुन्हा, जोर लावून. एकदा ती पुसत असताना त्याने फडक्याचा आवाज ऐकला. काय पुसतेस, असं विचारलं. काही नाही, ती म्हणाली. त्या दिवसापासून त्याने भिंतीला हात लावला नाही. चार पावलं जायचं असलं तरी तिला हाक मारू लागला, आणि मग हाकाही कमी झाल्या.

जेवताना मात्र त्याचं बोट काचेच्या ताटाखाली जायचं, काठावरून एक पूर्ण फेरा मारायचं आणि परत यायचं. त्याला सवय होती.

एका दुपारी मॅडमचा फोन आला. आवाज तसाच गोड. इमारत पूर्ण होत आली होती, दाराशीच काचेच्या पेटीत उभारीच्या वर्षाची आठवण म्हणून मेसचं एक ताट ठेवायचं ठरलं होतं. खरपुड्यासाहेबांना विचारलं, पण त्यांच्या घरच्यांनी ते भिंतीत पक्कं बसवून घेतलंय. इतरांचीही द्यायची इच्छा दिसत नाही, आणि कुणाला भरीला तरी कसं घालणार. तुमच्याकडे असेल ना, काकी, एखादं तरी?

“आमचं ताट नव्हतंच कधी,” काकी म्हणाली. “आम्ही कुणाच्याही ताटात जेवायचो.”

मॅडमला ते फार आवडलं. हे पेटीखाली लिहू का, तिने विचारलं. काकी म्हणाली, लिहा.

तिने फोन ठेवला. आचारीकाका खुर्चीत बसून ऐकत होता. त्याचे ओठ सुकलेले होते, जिभेने तो ते ओले करत होता. पाणी हवंय का, असं काकीने विचारलं. तो नको म्हणाला. ती उठून आत गेली आणि पेला भरून घेऊन आली.